दोन बोटांचा क्लच

२ मार्च, रवि.
पेटोनीच्या सिग्नलला बोटं सुटली. मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये, क्लच ओढून धरलेला, लाल दिवा संपत नव्हता. आधी करंगळी गेली, मग सगळा हात. गाडीने उडी मारली आणि बंद पडली, झेब्रा क्रॉसिंगच्या मधोमध. बाबागाडी ढकलणारी बाई हातभर अंतरावर होती. तिने शिवी दिली नाही. नुसतं बघितलं.
घरी येऊन सुधीरला सांगितलं. सांगायला नको होतं.
"हात गेलाय तुझा. मान्य कर."
माझा नवरा डॉक्टर नाही. आयटीत आहे.

४ मार्च
फिजिओ. सुधीर सोबत आला, आत खुर्चीवर बसला. अंगठ्याचा सांधा झिजलाय हे तिसऱ्यांदा ऐकलं. फिजिओने विचारलं, "एनिथिंग चेंज्ड ऑन द बाइक?"
माझ्याआधी सुधीर: "नथिंग. सेम ओल्ड बाइक."
मग माझ्याकडे न बघता दोघं हलक्या स्कूटरबद्दल बोलत होते.
क्लच जड झाला तो मागच्या वर्षी. आईच्या ऑपरेशनसाठी दोन महिने पुण्याला होते, परत आले तेव्हापासून. आधी वाटलं, सवय मोडली. मग वाटलं, वय. मग अंगठ्यात इंजेक्शन.

८ मार्च, शनि.
महिला दिनाचं जेवण, कांबळ्यांकडे. जेवण अर्थात महिलांनी केलेलं.
सुधीरने पुरणपोळी मोडता मोडता जाहीर केलं: पुढच्या शनिवारी गाडी बघायला माणूस येतोय. जुन्या गाड्या विकत घेणारा, व्हिंटेजवाला. मला आधी सांगितलं नव्हतं.
कांबळे म्हणाले, "वहिनी, आता छानशी ऑटोमॅटिक घ्या. पुढे बास्केटवाली. कोथिंबीर आणायला बरी."
सगळे हसले. बायकाही.
मी म्हणाले, शनिवारपर्यंत तो क्लच दोन बोटांनी ओढून दाखवते. नाही जमलं तर त्याने गाडी घेऊन जावी.
सुधीर: "ऐकलंत ना सगळ्यांनी?"
ऐकलं.
पासष्ट सालची ब्रिटिश साडेतीनशे सीसी. वाइरारापातल्या एका शेडमधून भंगार म्हणून आणली होती. उभी केली ती मी. या देशात एकटीने कुठे गेले असेन तर हिच्यावरच. एरवी सगळीकडे आम्ही 'दोघं' जातो.

९ मार्च
'जड' हे विशेषण आहे. सुधीरला विशेषणं चालतात, मला आकडा हवा होता. मी सामान तोलायचा काटा काढला, पुण्याला जाताना बॅगेला अडकवतो तो. लिव्हरच्या टोकाला हुक लावून ओढला. साडेअकरा किलो. चांगल्या क्लचला चार-पाच पुरतात.
हाताचा दोष असता तर काट्याने एवढं दाखवलं नसतं. हे आधी का सुचलं नाही?
क्लच वायर बदलली. जुनी वायर हँडलच्या मानेपाशी करकचून वळवलेली, वर प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेली. सुधीरचं काम. त्याला वायरी दिसलेल्या आवडत नाहीत. नवी मोठ्या वळणाने मोकळी सोडली.
साडेनऊ.
तो गराजच्या दारात येऊन म्हणाला, "बघ, किती विचित्र दिसतंय."

११ मार्च
लिव्हर बदलली. नव्या लिव्हरमध्ये वायर अडकते ती जागा लिव्हर फिरते त्या खिळीच्या जवळ, म्हणजे जोर कमी लागतो. सात किलो. खूश झाले. दहा मिनिटं.
जोर कमी लागतो तशी वायरही कमी खेचली जाते. क्लच पूर्ण सुटेना. पहिला गिअर टाकला की खर्रर्र, आणि गाडी पुढे सरकते. पुन्हा सिग्नलला उडी मारायची असेल तर ही नवी लिव्हर बरी. जुनी लिव्हर परत लावली.
ऋचा वेलिंग्टनहून आली होती कपडे धुवायला. सगळं मराठीत सांगितलं, तिने इंग्रजीत ऐकलं. "मम, जस्ट सेल इट. डॅड्स सो वरीड."
"तुझा डॅड वरीड आहे तर मग स्वतः का नाही सांगत?"
"ही इज टेलिंग यू. यू आर नॉट लिसनिंग."
तिचे कपडे वाळत घातले. चुकीचं केलं.

१३ मार्च
डावीकडचं झाकण उघडलं. तेल काळं, नको तितकं. ते काढून टाकल्यावर क्लच समोर आला.
स्प्रिंगांचे नट तळापर्यंत आवळलेले. सगळे. एवढे, की स्प्रिंगांचे वेढे एकमेकांना टेकायला आलेत. मी बसवले तेव्हा ते वर, काठाच्या पातळीला होते. मी बसवले होते. मला माहीत आहे.
प्लेटा तेलाने माखलेल्या. म्हणजे क्लच घसरत होता, आणि कोणीतरी प्लेटा धुवायच्या ऐवजी स्प्रिंगा आवळून टाकल्या, म्हणून तो जड. या घरात कोणीतरी म्हणजे एकच.
स्वयंपाकघरात गेले. हात तसेच.
"घसरत होता," सुधीर म्हणाला. "तू पुण्याला होतीस. मी एकदा काढली, वायनुईच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी हलत नाही. आवळला. त्यात काय?"
"मला का नाही सांगितलंस?"
"तू विचारलं नाहीस."
"फिजिओने विचारलं होतं."
ओटा पुसायला लागला. ओटा स्वच्छ होता.
वर्षभर मी माझ्या हाताला शिव्या घातल्या. रोज सकाळी स्पंजचा चेंडू दाबला. इंजेक्शनच्या दिवशी अंगठ्यात आग पेटली होती, आणि हा बाहेर गाडीत बसून चिप्स खात होता. मलाही दिल्या त्यातल्या. मी खाल्ल्या.

१४ मार्च
रजा टाकली. प्लेटा पेट्रोलने धुतल्या, लोखंडी प्लेटांवर पॉलिश पेपर फिरवला, पुन्हा धुतल्या. तेल हवं तेवढंच. नट काठापर्यंत, सगळे सारखे. क्लच ओढल्यावर प्लेट तिरकी उचलली जाते का ते पाहत राहिले. एक नट अर्धा फेरा मागे. मग सरळ.
काटा: साडेचार.
पहिल्यांदा वाटलं, काटा बिघडला.
वायनुईचा चढ चढून आले. घसरला नाही. अंगठा दुखला, थोडा. तो झिजलाय हेही खरंच आहे.
संध्याकाळी सुधीर गराजमध्ये आला. उभाच राहिला.
"मुद्दाम नव्हतं केलं."
मी पाने-पक्कड पुसत होते.
"पण तू कमी चालवायला लागलीस, तेव्हा... बरं वाटलं. रविवारी घरी असायचीस."
"आणि मला वाटत होतं मी म्हातारी झाले."
"तेही माहीत होतं मला."
हे तो कबुलीसारखं बोलला नाही. हवामान सांगावं तसं. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं.
रात्री जेवलो. वरणात मीठ नव्हतं.

१५ मार्च, शनि.
व्हिंटेजवाला आला. ग्रेग, साठीचा, शॉर्ट्स आणि जँडल्स, म्हणजे रबरी चपला, वारा सुटलेला असताना. गाडीभोवती फिरला. लिव्हर दाबली, सोडली, परत दाबली.
"हू डिड द क्लच?"
सुधीर: "वी डिड."
"आय डिड," मी म्हणाले. दोन बोटांनी ओढून दाखवला. ग्रेगला नाही, सुधीरला.
ग्रेगला आता गाडी जास्तच हवी होती. विकायची नाही म्हटल्यावर त्याने सुधीरकडे बघितलं, पुरुष पुरुषाकडे बघतो तसं. सुधीर जमिनीकडे. "स्वीट ॲज," म्हणजे ठीकच आहे, म्हणाला ग्रेग, आणि गेला. चहाही घेतला नाही.
ग्रुपवर कांबळ्यांचा मेसेज: वहिनी, काय झालं मग?
उत्तर सुधीरने दिलं. काय दिलं ते विचारलं नाही.

१६ मार्च, रवि.
सकाळी निघाले. कुठे ते ठरवलं नव्हतं. गाडी ड्राइव्हवेमध्ये, इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला. सुधीर घरातून आला. हातात ऋचाचं जुनं हेल्मेट.
"मी बसू मागे?"
तो माझ्या मागे कधीच बसलेला नाही. पुण्यात नाही, इथे नाही.
"का?"
"असंच. बघतो."
"काय बघतोस?"
"तू सांग बसू का ते. हो किंवा नाही."
शेजारचा माणूस कुंपणाची हेज कापायचा थांबला. 'मोरेना', शुभ सकाळ, म्हणून हात केला. सुधीरनेही केला, हेल्मेटच्या हाताने.
मी आरसा नीट केला. त्यात तो दिसत होता, अर्धा. हेल्मेट खाली लोंबतंय. केस उडतायत. चिडलेला नव्हता. चिडलेला असता तर सोपं होतं.
"अगं, बोल तरी."
क्लच ओढलेलाच. दोन बोटं. गाडी जागेवर, हात शांत. आठवड्यापूर्वी एव्हाना सोडून द्यावा लागला असता, आणि हो किंवा नाही, काहीतरी एक आपोआप ठरून गेलं असतं.
मी आणखी थोडा वेळ धरून ठेवला.