सशांच्या वाटांचा नकाशा

२६ जाने. १९९७, रवि.
झेंडावंदन उरकून लुनावरून थेट माळावर. कॉलेजची साडी, पायात कुसळं. पावणेदहाला ससा अगदी पायाखालून उठला आणि मी किंचाळले. बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि सशाला घाबरते. कोणी पाहिलं नाही, एवढंच बरं.
नोंद: आधी सरळ. मग एकदम उजवीकडे वळला, लगेच डावीकडे. मागे कोणी लागलेलं नसताना. शेवटी चढाला.
गाइड सरांचं पत्र आलंय. ससा जोरात पळतो हे सगळ्यांना माहीत आहे, तो जोर आला कुठून ते लिहा म्हणतात. एम.फिल.चं दुसरं वर्ष याच वाक्यावर चाललंय.
परतताना भीमाण्णा भेटले. साठीचे, मेंढरांमागं याच माळावर जन्म गेलेला. काय करता म्हणून विचारलं. सशांच्या मागं फिरते म्हटल्यावर बराच वेळ हसत होते.

९ फेब्रु., रवि.
आज अण्णांची शिकवणी. मी चढाबद्दल विचारलं. त्यांनी मेंढरू आडवं पाडून पाय दाखवावा तसं हातवारे करून सांगितलं: सशाचे मागचे पाय लांब, चढाला ते कामी येतात, कुत्रं तिथंच मागं पडतं. मग म्हणाले,
"माझ्या आज्याचं कुत्रं आता आणलं तर त्याला एक ससं घावणार न्हाई, बाई. हळू पळणारी समदी त्यानंच खाल्ली की. आता जी हायती ती सुटल्याल्यांची पोरं."
म्हणून कुत्र्याचं मंद पिल्लू आम्हीपण ठेवत नाही, असं वर. म्हणजे ससा आणि कुत्रा दोघंही एकमेकांपायी चपळ होत आले. मी वर्गात तीन तास घेते हे समजावायला, आणि निम्म्या पोरी तरीही झोपतात.
धुळीत एक गंमत दाखवली. सशाची पावलं येतात, त्याच वाटेनं माघारी फिरतात आणि मध्येच संपतात. तिथून त्यानं बाजूला उडी मारलेली. वास घेत येणारी खोकड त्या जागी चक्रावते, आणि ससा चार हातांवर दगडाशेजारी गप्प बसलेला असतो. खरंच होता! हे मी एकटीनं कधीच पाहिलं नसतं.

२३ फेब्रु., रवि.
नकाशा झाला. आलेखाच्या कागदावर, रंगीत पेन्सिलींनी. महिनाभर पाहिलेली प्रत्येक धाव. जवळजवळ सगळे ससे पूर्वेच्या दगडी बांधाकडे चढतात आणि बांधाच्या तीन खिंडारांतून पलीकडे जातात. अण्णांना दाखवला. दोन ठिकाणी बोट ठेवून चुका काढल्या, बाकी बरोबर म्हणाले. एक प्रत मागितली. मी तिथंच कार्बन घालून काढून दिली. इतका आनंद मला बी.एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता.

९ मार्च, रवि.
गवताच्या बुडाशी पिल्लू. मुठीएवढं, डोळे उघडे, अंगभर केस. आई जवळ नसते, सांजेला एकदा पाजून जाते, म्हणजे तिच्या मागं कोणी पिल्लापर्यंत येऊ नये. अण्णांचं कुत्रं दोन हातांवरून गेलं. पिल्लू हललं नाही, कुत्र्याला पत्ता नाही. पळण्याच्या आधी न पळणं शिकून येतात. हे वाक्य सरांना आवडणार नाही. मला आवडलं.

२४ मार्च, धुळवड
सकाळपासून जेवले नाही.
अण्णा बाजारात भेटले, खुशीत. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची शिकार असते. मला माहीतच नव्हतं. निम्मे जण कुत्री घेऊन हाकतात, निम्मे पुढं जाळ्या लावून बसतात. दरवर्षी जाळी कुठं लावायची यावर भांडणं. "यंदा तुमच्या कागदानं सोपं झालं. तिन्ही खिंडारं धरायची." आणि जनावर दाखवणाऱ्याचा वाटा असतो, तो यंदा माझा. मागची मांडी. मान दिल्यासारखं सांगत होते, आणि खरंच मानच देत होते.
मी "बरं" म्हटलं बहुतेक.
मूर्ख. शिकारीच्या गावात सशांच्या वाटा रंगवून, कार्बन घालून…

३० मार्च, रवि. कुपवाड, आईकडे
कॉलेजातून सरांना एसटीडी फोन केला होता. सरळ वनखात्याला अर्ज करा म्हणाले, कायद्यानं बंदी आहे. खरं आहे. अर्ज लिहिला, पर्समध्ये आहे.
दादा वर्कशॉपमधून आला तेव्हा त्याला वाचून दाखवला. हात पुसत म्हणाला, अर्जानं पाडव्याचे ससे वाचतील, पण त्या म्हाताऱ्यानं शिकवलं ते घेऊन तू त्यालाच पोलिसात देणार, मग त्या माळावर जाणार कुठल्या तोंडानं? मी चिडले. मग सशांनी काय करायचं, म्हटलं. आई म्हणाली आधी जेवा दोघं.

६ एप्रिल, रवि.
अर्ज दिला नाही. चूक की बरोबर, कळत नाही. आधी अण्णांशी बोलायचं ठरवलं.
ते मेंढे वेगळे काढत होते. एक लंगडा बाजूला, विकायला. मी विचारलं, लंगडा ठेवून चांगला विकला तर? "खुळ्या का काय तुमी?" म्हणाले. मग मी सांगितलं: कुत्रं मागचा ससा धरतं. जाळीत कोण सापडतो? जो सगळ्यांत आधी खिंडारापाशी पोचतो तो. म्हणजे सगळ्यांत चपळ. तुमच्या आज्याच्या कुत्र्यानं जे घडवलं ते जाळी चार पाडव्यांत मोडेल. लंगडे राहतील.
अण्णा मेंढ्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "ह्ये आमाला सुचलं न्हाई." मग म्हणाले, मी एकटा म्हणजे गाव नाही. बघतो.
कागद परत मागितला. तो आता तिघांच्या खिशांतून फिरतोय म्हणे.

९ एप्रिल, बुध.
गेले. शिकारीला, रजा टाकून. घरी बसून ऐकणं जास्त वाईट झालं असतं.
दोन खिंडारांत जाळ्या. तिसऱ्यात अण्णा, जाळी गुंडाळून खांद्यावर. बाकीचे त्यांना नाही नाही ते बोलले, बायकांचं ऐकतोस म्हणाले. ते हलले नाहीत. तिसऱ्यातून पाच ससे गेले, मी मोजले. प्रत्येक वेळी रडू येत होतं, आनंदानं. जाळ्यांत दोन. कुत्र्यांना एक, म्हातारा, एका डोळ्यानं अधू. जाळीतली मादी मी टेपनं मोजली. मागचा पंजा आजवरच्या नोंदींत सगळ्यांत लांब. माझं म्हणणं खरं ठरलं आणि ती माझ्या हातात मेलेली होती.
वाटे लागले. माझा समोर आला. नको म्हटलं. अण्णांनी बाजूला घेतलं:
"बाई, वाटा घ्या. ज्यानं वाटा सोडला, त्याला फुडल्या वर्सी शिकारीच्या बैठकीत बोलाय येत न्हाई. घेतला तर त्यास्नी ऐकावं लागतंय."
घेतला. अण्णांच्या घरी काकूंनी शिजवला. ताटावर बसून खाल्ला, सगळा. चवीला चांगला होता. तेच जास्त लागलं.

१४ एप्रिल, सोम. कुपवाड
जयंती. चौकात भाषणं, संध्याकाळी मिरवणूक. दादाला सगळं सांगितलं. मांडीचंही. तो हसला नाही, म्हणाला, बैठकीत तू एकटीच बाई असशील. असेन.
अर्ज फाडला नाही. असू दे पर्समध्ये.

४ मे, रवि.
ऊन मरणाचं. टँकर आला नाही म्हणून आज वस्तीवर वादावादी. तरी सकाळी सहाला माळावर.
चार ससे उठवले. एकही जाळ्या होत्या त्या दोन खिंडारांकडे गेला नाही! दोन उताराला वळून ओढ्यातून पलीकडे चढले. ही वाट माझ्या कागदावर नाही. एक तर बांधावरूनच गेला, उडी मारून. चौथा तिसऱ्या खिंडारातून. चार ससे म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, सर हेच म्हणतील. पण जे वाचले ते शिकतायत किंवा शिकलेलेच वाचले. कुठलं खरं, ते पाहायला आणखी वर्ष लागेल. मिळो.
नवीन वाटा लिहीत बसले होते तर अण्णा आले. वहीकडे हात केला. मी वही मिटली आणि सरळ सांगितलं, अण्णा, ही दाखवणार नाही, तुम्हालासुद्धा. वाईट वाटलं त्यांना, दिसलं. कुत्र्याच्या अंगावरची गोमाशी काढत बसले.
"मला नगा दावू," म्हणाले शेवटी. "पर पाडव्याच्या बैठकीला या. समदी जाळ्या घिऊन बसत्यात तितं. कुनी उठवलं तरी उठणार न्हाईत. वाटा खाल्लाय तुमी. आता बोलायचं तुमच्याकडं."
येते म्हटलं. काय बोलायचं ते अजून ठरायचंय.