या साहेब, आज काय गाजवायचं?

सोमवार, २ मार्च. सकाळी १०.१५

आजपासून रोजनिशी. पुढच्या महिन्यात मी टीम लीड होणार, आणि लीड माणसाकडे नोंदी हव्यात.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाचनालयाचं काम माझ्या गळ्यात, म्हणजे हातात, दिलं. बेचाळीस हजार पुस्तकांची यादी जुन्या सिस्टिममधून उचलून नव्या सिस्टिममध्ये टाकायची. शुक्रवारी २७ तारखेला वाचनालय नव्या सिस्टिमवर सुरू. हे पार पडलं तर एक एप्रिलपासून लीड मी, असं साहेब स्वतःच्या तोंडाने म्हणाले.

अकरा वर्षं सीनियर आहे. दोनदा लोक मला मागे टाकून पुढे गेले. दुसऱ्याला तर काम मीच शिकवलं होतं. या वेळी नाही.

यादी आपोआप उचलून टाकणारी स्क्रिप्ट (मशीनला द्यायच्या हुकमांची फाइल) लिहायची, म्हणजे चार दिवसांचं काम. हातात पंचवीस दिवस. घाई करायची नाही.

मंगळवार, ३ मार्च. सकाळी ९.३०

कामाला बसलो. काळी खिडकी उघडली. प्रॉम्प्ट बघून मन उतरलं. प्रॉम्प्ट म्हणजे आपण हुकूम टाइप करायच्या आधी जी ओळ उभी असते ती. माझं नाव, मशीनचं नाव, शेवटी एक डॉलरचं चिन्ह. करड्या रंगात. अकरा वर्षं मी या ओळीकडे बघत आलो आणि कधी तक्रार केली नाही. माझं करियर का अडलं ते आज कळलं.

दुपारी २.००

एका माणसाचा व्हिडिओ पाहिला. त्याचा प्रॉम्प्ट म्हणजे निळे-केशरी पट्टे, बाण, घड्याळ, फोल्डरचं छोटं चित्र. अशा माणसाच्या हातून चुका होणं शक्यच नाही. ही सजावट, म्हणजे थीम, फुकट आहे. इन्स्टॉल करायला दोन मिनिटं लागतात असं त्याने सांगितलं. आज थीम, उद्यापासून स्क्रिप्ट.

बुधवार, ४ मार्च

दोन मिनिटं झाली नाहीत अजून. बाण यायला हवेत तिथे रिकामे चौकोन येतात. थीमला वेगळा फॉन्ट लागतो म्हणे. सात फॉन्ट उतरवले. सातव्याने चौकोन गेले, पण अनुस्वार गायब झाले.

शेजारीण (ऑफिसात माझ्या बाजूच्या टेबलावर बसते ती, माझ्यापेक्षा चार वर्षं ज्युनियर) डोकावून गेली. विचारलं, वाचनालयाचं कुठवर आलं? म्हटलं, पाया घालतोय. तिच्या स्क्रीनवर अजून तोच करडा डॉलर आहे. वाईट वाटलं तिच्याबद्दल.

शुक्रवार, ६ मार्च. सकाळी ११.००

फॉन्ट बसला! आता थीम मलाच प्रश्न विचारते. हा हिरा दिसतो का? हे कुलूप दिसतं का? दोन बाणांत फट दिसते का? डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटलं. सगळ्याला हो म्हटलं. बेचाळीस प्रश्न झाले. बेचाळीस प्रश्न आणि बेचाळीस हजार पुस्तकं, हा शुभशकुन आहे.

दुपारी ४.३०

एका प्रश्नाला चुकून नाही म्हटलं. सगळं पहिल्यापासून.

रविवार, ८ मार्च

घरी. प्रॉम्प्टमध्ये हवामान घातलं. आता प्रत्येक हुकुमाआधी बाहेरचं तापमान दिसतं आणि सोबत छोटा ढग किंवा सूर्य. बायकोला दाखवलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिला टेक्निकल गोष्टींत गती नाही. म्हणाली, तुझ्या डाव्या हाताला खिडकी आहे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मग म्हणाली, तिचे काही पेशंट चालायला सुरुवात करण्याआधी बूट घेतात, मग मोजे घेतात, मग पावलं मोजायचं घड्याळ घेतात, आणि तिसऱ्या महिन्यात गुडघा दाखवायला चाकांच्या खुर्चीत बसून येतात. तिचे पेशंट आणि मी यांचा काय संबंध, ते विचारायचं राहिलं.

एंटर दाबल्यावर प्रॉम्प्ट यायला आता चार सेकंद लागतात. हे एका अर्थी चांगलं. माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

मंगळवार, १० मार्च

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन. पुस्तकांची यादी आम्ही टाकणार, पण प्रत्येक पुस्तकाचा शेरा (कुठलं पान सैल, कुठला खंड हरवला, कुणी परत केलं नाही) जुन्या सिस्टिममध्ये नव्हताच. एकोणीस वर्षं तो बाईंच्या डोक्यात आहे. पुढच्या वर्षी त्या रिटायर होतात. त्याआधी एकेक पुस्तक हातात घेऊन त्याचा नंबर आणि शेरा नव्या सिस्टिममध्ये थेट टाइप करणार आहेत, यादी मागून आली तरी चालेल. उद्यापासून सुरुवात करू का, असं विचारत होत्या. एका बोटाने टाइप करते, सांभाळून घ्या, असंही म्हणाल्या. म्हटलं, बाई, बिनधास्त करा, मी आहे.

आवाज छान आहे त्यांचा. शाळेतल्या बाईंची आठवण झाली.

मशीन सुरू केल्यावर ते आपल्याशी एक शब्द बोलत नाही, हे खटकलं. आता लॉगिन केलं की मोठ्या अक्षरांत येतं: ‘या साहेब, आज काय गाजवायचं?’ सकाळी वाचलं की अंगात बळ येतं.

गुरुवार, १२ मार्च

अडचण. माझ्या मशीनवर थीम आहे, पण दोन्ही सर्व्हर तसेच करडे. एक चाचणीचा सर्व्हर, तिथे वाटेल ते पुसा, मोडा, पुन्हा भरा. दुसरा खरा, तिथे बाई शेरे टाइप करतायत. इकडून तिकडे गेलं की डोळ्यांना झटका बसतो.

दोन्हीकडे थीम टाकली, स्वागतासकट. आता तिन्ही खिडक्या हुबेहूब सारख्या. डोक्याला केवढी शांतता!

शेजारीण म्हणाली, खऱ्या सर्व्हरवर उगाच काही टाकू नये. नियमांची फार ओढ आहे तिला. ज्युनियर माणसात हा गुण चांगलाच.

सोमवार, १६ मार्च

नाव, मशीनचं नाव, फोल्डर, घड्याळ, बॅटरी, हवामान. इतकं झाल्यावर हुकूम लिहायला उजवीकडे पाच अक्षरांची जागा उरते. नाकापेक्षा मोती जड. काहीतरी काढायला हवं.

दिवसभर विचार केला. बॅटरी काढवत नाही, तो हिरवा सेल फार गोड आहे. ढग तर नाहीच. शेवटी तिन्ही खिडक्यांतून मशीनचं नाव काढलं. ते सतरा अक्षरी होतं आणि दिसायलाही ओबडधोबड. शिवाय आपण कुठल्या मशीनवर बसलोय हे माणसाला माहीत असतंच की.

आता काय मोकळं दिसतंय!

बुधवार, १८ मार्च

साहेबांनी उभ्या उभ्या विचारलं, किती टक्के? साठ म्हटलं. कशाचे ते त्यांनी विचारलं नाही.

उद्यापासून स्क्रिप्ट. नक्की.

शुक्रवार, २० मार्च

स्क्रिप्ट सुरू! अकरा ओळी झाल्या. त्यातल्या सहा ओळींत माझं नाव, तारीख आणि स्क्रिप्टचा हेतू आहे. पाचव्या ओळीपर्यंत रंगसंगती डोळ्यांना बोचू लागली. जांभळ्याची छटा बदलली. मग केशरी त्याला शोभेना.

बाईंचा फोन. सहाशे शेरे झाले. आता दोन बोटांनी टाइप करतात. मी मनापासून अभिनंदन केलं.

सोमवार, २३ मार्च

चार दिवस उरले.   

शेजारणीने आपण होऊन विचारलं, स्क्रिप्ट मी लिहून देऊ का? लीड माणसाला काम वाटून देता आलं पाहिजे. परवानगी दिली.

मंगळवार, २४ मार्च

दुपारी जेवणानंतर तिने लिहायला घेतली. चहाच्या वेळेला झाली. चाळीस ओळी. करड्या डॉलरवर. कानामागून आली आणि तिखट झाली, असं क्षणभर वाटून गेलं. पण पाया कुणी घातला होता?

बुधवार, २५ मार्च. सकाळी १०.४०

आज मी स्वतः स्क्रिप्ट तपासणार. पद्धत सोपी. चाचणीच्या सर्व्हरवरचं सगळं पुसायचं, मग स्क्रिप्ट चालवून बेचाळीस हजार पुस्तकं येतात का बघायचं. पुसायचा हुकूम दिला. चार सेकंद ढग बघितला. झालं. आता चहा.

सकाळी ११.०५

बाईंचा फोन. स्क्रीनवर शून्य शेरे दिसतायत म्हणे. पान पुन्हा लोड करायला सांगितलं. माणसं उगाच घाबरतात.

सकाळी ११.१२

पुन्हा फोन. अजून शून्य.

सकाळी ११.१५

दोन्ही खिडक्या बाजूबाजूला लावून पाहिल्या. दोन्हीकडे जांभळा पट्टा, दोन्हीकडे हिरवा सेल, दोन्हीकडे ढग. एकात सगळं जसंच्या तसं आहे आणि एकात काहीच नाही. ज्यात काही नाही तो खरा.



सकाळी ११.४०

घाबरायचं कारण नाही. बॅकअप आहे. रोज पहाटे पाचला खऱ्या सर्व्हरची कॉपी आपोआप निघते. ती व्यवस्था माझ्याच खात्यातून चालते. मीच बसवली होती, तीन वर्षांपूर्वी. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

दुपारी १२.२०

शेवटची कॉपी १२ मार्चच्या पहाटेची.

दुपारी २.३०

शेजारणीने शोधून काढलं. तिला पाऊण तास लागला. कॉपी काढणारा प्रोग्राम रोज पहाटे पाचला माझ्या खात्यातून सर्व्हरवर लॉगिन करायचा. समोरून ठरलेलं उत्तर यायची अपेक्षा. त्याऐवजी त्याला मोठ्या अक्षरांत यायचं: ‘या साहेब, आज काय गाजवायचं?’ त्याला कळायचं नाही, तो परत जायचा. सलग तेरा पहाटा.

पुस्तकांची यादी स्क्रिप्टने भरता येईल. शेरे नाही. बाईंनी अकराशे चौदा लिहिले होते. कॉपीत आहेत त्रेसष्ट.

दुपारी ४.००

साहेब ओरडले नाहीत. ओरडायला हवे होते. त्यांनी फक्त विचारलं, मशीनचं नाव प्रॉम्प्टमध्ये का नव्हतं? म्हटलं, जागा नव्हती. मग त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. बाहेर ऊन होतं तरी ढगच दिसत होता. तो मी चुकून दुसऱ्याच गावाचा लावलाय, हे मला तेव्हा समजलं. 

संध्याकाळी ५.१५

बाईंना मीच फोन करायचा, असं ठरलं. कुणी ठरवलं नाही, सगळे माझ्याकडे बघत होते. सांगितलं.  मग त्यांनी विचारलं, म्हणजे सगळे? म्हटलं, त्रेसष्ट आहेत. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फार वाईट वाटलं. इथे दुसरं काही लिहायचं होतं, सुचत नाही.

शुक्रवार, २७ मार्च

वाचनालय वेळेवर सुरू झालं. बेचाळीस हजार पुस्तकं आली. शेजारणीच्या स्क्रिप्टने. मी मागे उभा होतो.

खऱ्या सर्व्हरवर जायचा माझा पासवर्ड बंद झालाय. सुरक्षेच्या दृष्टीने योग्य निर्णय. लीड झाल्यावर मीही हाच घेतला असता.

बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, पेशंटच्या मोज्यांचा आणि बुटांचा विषय काढेल. नाही काढला. डोक्यावरून हात फिरवला. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, ३० मार्च

सगळ्यांना मेल आलं. एक, सर्व्हरवर कुणीही काहीही सजावट करू नये. दोन, मशीनचं नाव प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये लाल रंगात, ठळक. पूर्ण कंपनीत एकाच दिवशी प्रॉम्प्ट बदलले. माझं नाव मेलमध्ये कुठे नव्हतं, पण कामाचा ठसा उमटतो तो असा.

खाली तिसरा मुद्दा होता. एक एप्रिलपासून टीम लीड शेजारीण. तिचं अभिनंदन केलं. तिने विचारलं, बाईंचे शेरे पुन्हा भरायला कुणाला पाठवू? तिने नाव सुचवायच्या आत मी हात वर केला. या महिन्यात मी वेळेवर केलेलं हे एकच काम.

बुधवार, १ एप्रिल. दुपारी १.००

वाचनालयात. मागच्या खोलीत लाकडी टेबल, जुना कॉम्प्युटर. काळी खिडकी नाहीच. एक पांढरा चौकोन, त्यात शेरा लिहायचा, खाली सेव्हचं बटण. बाई कपाटाजवळ स्टुलावर बसतात, पुस्तक हातात घेतात, पानं चाळतात आणि सांगतात. मी टाइप करतो. एकदाही रागावल्या नाहीत. फक्त चष्मा पुसताना थोडा जास्त वेळ पुसतात.

जेवायच्या सुट्टीआधी चाळीस झाले. चाळिसावं पुस्तक त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेरा सांगितला: ‘मुखपृष्ठ अतिशय देखणं. सोनेरी अक्षरं. आतली पानं कोरी.’

टाइप केलं. मग विचारलं, हे कुठल्या पुस्तकाचं? बाईंनी पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. छापखान्याची चूक, पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरं. नंबर सांगितला. मी तो दोनदा विचारून घेतला, मग सेव्ह केलं.