अर्धा कान

पेन्टेकॉस्टच्या सणाआधीचा मंगळवार

प्रिय योब्स्टदादा,

देव तुला, वहिनीला आणि मुलांना सांभाळो. आम्ही बरे आहोत. काळी गाय व्याली. कुन्त्सचा खोकला थांबला. "तुझ्या नवऱ्यापेक्षा तुझी बिअर कडक," असं लोक मला कुन्त्सवरून अजून चिडवतात, म्हणजे सगळं ठीकच म्हणायचं.

चर्चमधली नवी बाकं तयार झाली. फाइट सुतारानं एका बाकाच्या टोकाला रानमाणूस कोरलाय. अंगभर केस, हातात सोटा. बायका आधी हसल्या, मग एक पाऊल मागे सरकल्या. फाइट म्हणाला, "मनानं नाही कोरला. ओढ्यावर पाणी पिताना बघितलाय मी त्याला."

त्या रानमाणसाचा डावा कान अर्धाच आहे, दादा.

शिंगरानं आपल्या धाकट्याचा कान तोडला तेव्हा तूच त्याला खांद्यावर घालून घरी आणलं होतंस. लोहाराची बायको कितीतरी वेळ बघत होती. म्हणाली, "एल्झा, कुठंतरी पाहिल्यासारखा वाटतो गं हा." मी म्हटलं, "रोज पाहतेस की, तुझ्याच घरात!" ती हसली. मी मात्र त्या कानावर हात ठेवून उभी राहिले.

सणाचं तुला माहीत आहेच. कुणीतरी पोरगा अंगाला शेवाळ बांधून रानात लपतो, बाकीचे त्याला पकडून आणतात, विहिरीवर धुतात, नवा सदरा घालतात, की झाला माणूस. यंदा पोरं म्हणतात, "खरा असताना खोटा कशाला?" कोकरं नाहीशी होताहेत, त्याचाही राग आहे. काल त्यांनी गवत उचलायच्या दाताळ्यांना धार लावून घेतली. सणाला कुणी धार लावतं का रे?

मी रानात पाव ठेवून येते. कुन्त्सलाही ठाऊक नाही. परवा तो समोर आला. मी हाक मारली, तर त्यानं सोटा उगारला. मी पळाले. आपल्याच धाकट्या भावाला मी भिते. पण पोरांसमोर त्यानं तसाच सोटा उगारला तर, याची भीती त्याहून मोठी आहे. पोरं पळणार नाहीत.

लढाईवरून तो तसा भ्रमलेला परतला, आणि त्या हिवाळ्यात तू त्याला दार उघडलं नाहीस. त्याबद्दल मी कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. पण लहानपणी तुझ्या एका हाकेसरशी तो झाडावरून खाली यायचा. माझं तो कधीच ऐकत नसे.

सणाच्या सोमवारी ही शिकार आहे. त्याच्या आत ये. आपणच त्याला विहिरीवर आणू. एकदा सदरा अंगात गेला की त्याला कुणी हात लावत नाही, हा गावचा नेम अजून पाळतात. सदरा मी शिवून ठेवलाय, तुझ्या मापाचा. खांद्यात तुम्ही दोघं सारखेच.

सोमवारी सगळे "रानटी, रानटी" ओरडत सुटतील. कुणीतरी त्याला आधी नावानं हाक मारायला हवी.

तुझी, आणि वेंडेलचीही, बहीण
एल्झा