जनार्दनच्या भिंतीवरचा खिळा

पेण, जानेवारी, शुक्रवार संध्याकाळ

रोह्याहून आत्ताच आलो. जेवायला नको म्हटलं. जनार्दनची विम्याची पॉलिसी काढली त्या वर्षी त्याच्या भिंतीला खिळा मीच ठोकला होता, माझं कॅलेंडर लावायला. आज त्या खिळ्यावर दुसऱ्या एजंटचं कॅलेंडर. माझं हातातच राहिलं.

जुनी पॉलिसी मोडून तो नवी घेतोय. मोडायच्या कागदावर सही करून ठेवलीय, उद्या सकाळी तो एजंट न्यायला येणार. नव्या फॉर्मवर आजारापुढे 'नाही' लिहिलंय. आणि जनार्दनला दोन वर्षं शुगर आहे. जुनी घेतली तेव्हा धडधाकट होता, म्हणून ती पक्की. नवीत काही झालं तर कंपनी दवाखान्याचे कागद उकरून काढील आणि वहिनींच्या हातावर काही पडणार नाही. किती परीनं सांगितलं. तो हसला. "तुमचं कमिशन जातंय म्हनून बोलताय भाऊ, दुसरं काय नाय."

जातंयच ना. अशी किती गिऱ्हाइकं गेली, आता मोजत नाही.

वहिनी फाटकापर्यंत आल्या. "खरं सांगा भाऊ, आमच्यासाठी बोलताय की तुमच्यासाठी?"

"दोन्ही," म्हणालो.

का म्हणालो? नुसतं 'तुमच्यासाठी' म्हणायला काय झालं होतं? सकाळी पुन्हा गेलो तर जनार्दन मला दारातच उभं करील. नाही गेलो तर कागद गेलाच.

वहिनींनी माझ्या हातातलं कॅलेंडर घेतलं आणि आत गेल्या.

त्या भिंतीला खिळा एकच आहे.