राखून ठेवलेला बार

बा, तुला वाचता येत होतं, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. मी अमरावतीला कॉलेजात गेलो तरी महिन्यातून दोनदा तूच यायचास, भाकरी-ठेचा बांधून, पलटणीतला खाकी कोट घालून. तू गेलास त्या वयाच्या आता मी कितीतरी पुढे आलो आहे. दिल्लीच्या सामन्याचं तुला सांगायचं राहिलं, आणि त्याच्या आडून आणखी एक. मधेच कच खाल्ली तर लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. बंदुकीच्या ज्या दोन बारांपायी गावानं तुला मूर्ख ठरवलं, ते दोन्ही मी टाकले होते.

तू गेल्यावर सात-आठ वर्षांनी मी अमरावतीला कचेरीत कारकून होतो आणि रविवारी नेमबाजी मंडळात जायचो. तिथं येणारे बहुतेक वकील, साहेब आणि मोठे बागाईतदार. कॉलेजात कवायत शिकवणाऱ्या मास्तरांनी शब्द टाकला म्हणून मला आत घेतलं. खेळ असा, की समोरच्या खंदकातलं यंत्र मातीची बशी हवेत फेकतं, कुठल्या अंगाला ते आधी कळत नाही, आणि ती खाली यायच्या आत छर्र्यांनी फोडायची. एका बशीला दोन बार मोकळे. पहिल्यानं चुकली तर दुसऱ्यानं फोडा, गुण तेवढाच. मंडळात काडतुसं जपून वापरावी लागत, त्यामुळे सरावात सगळेच एकेक बार टाकत आणि मी दुसरा बार कधीच टाकत नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. दिल्लीला पाच-सहा देशांचे नेमबाज आले होते. सकाळच्या फेरीत मी पंचविसातल्या बावीस फोडल्या आणि मास्तरांनी आनंदानं माझ्या पाठीत असा धपका घातला की दुपारपर्यंत दुखत होतं.

दुपारी वारा सुटला. बशी उडते, माझा पहिला बार जातो, बशी वाऱ्यावर वर उचलली जाते आणि तशीच पुढे निघते. बोट दुसऱ्या नळीच्या, मागच्या चापावर जातं आणि तिथंच बसतं. डोळा बशीवरच आहे, चाप तेवढा ओढला जात नाही. बशी गवतात पडते, अख्खी. अशा अकरा बशा मी पडू दिल्या. मास्तर कठड्यामागून ओरडून घसा बसवून घेत होते, की काडतूस घरी न्यायचं आहे का. शेजारी उभ्या असलेल्या एका गोऱ्या नेमबाजाला राहवलं नाही, त्यानं मला दोन बोटं करून दाखवली. मी मान हलवली, मला समजत होतं. खालून तिसरा आलो.

मला शिकवलं होतंस तूच. पलटणीतून परत आल्यावर पिकाच्या राखणीसाठी म्हणून तू परवाना मागितलास आणि कचेरीच्या पायऱ्या दोन वर्षं झिजवल्यास. आपल्या वस्तीत बंदूक आली हे पाटलाच्या घशाखाली उतरलं नव्हतं, पण पहिल्याच हंगामात तू त्याच्याच भुईमुगातलं डुक्कर एका बारात पाडलंस आणि मग पाटीलच गडी पाठवून तुला बोलावून न्यायला लागला. नागपूरला दीक्षा घेऊन आलास त्या वर्षी पाटील पुन्हा फिरला, तरी डुकरं आली की निरोप यायचाच. ती दुनळी मांडीवर आडवी घेऊन तू मला सांगायचास, "एक बार जनावराचा, दुसरा आपल्या जिवाचा. तो ठिवाचा." मी हसायचो. तू हसायचा नाहीस.

त्या सकाळी झुंजुमुंजू झालं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो होतो. तुझ्या उजव्या डोळ्यात पडदा यायला लागला होता आणि हे तू फक्त मला सांगितलं होतंस, म्हणून बंदूक माझ्या हातात होती आणि जादा काडतुसं तुझ्या कोटाच्या खिशात. आपण पाटलाच्या ज्वारीच्या धुऱ्यावर, बांधाच्या गवतात बसलेले. डुक्कर बाहेर येतं, मी बार टाकतो, ते कोलमडतं. मी उठतो. ते पुन्हा उभं राहतं, आपल्याकडे तोंड करून. तू हळूच म्हणतोस, "ठिव." मला ऐकू आलं होतं, बा. मला ते पाडायचं होतं, कॉलेजात सांगायचं होतं. मी दुसरा चाप ओढला आणि छर्रे ज्वारीत गेले. मग ते धावून आलं आणि तू मला ढकलून मधे उभा राहिलास. तुझ्या हातात काहीच नव्हतं.

तुझी मांडी त्यानं वरपर्यंत फाडली आणि ते ज्वारीत निघून गेलं. मी तुझं धोतर फाडून बांधत होतो, रक्त थांबत नव्हतं, आणि तुझं भलतंच चाललं होतं. "बंदूक माह्याजवळ दे," तू म्हणालास. "परवाना माह्या नावचा हाय. कोनं इचारलं त सांगजो, दोन्ही बार बानंच टाकले." मी बंदूक तुझ्या हातात दिली. बैलगाडीत ती तुझ्या छातीवर होती, अकोल्याचा दवाखाना कोसभर राहिला असताना तू गेलास तेव्हाही. फौजदारानं विचारलं, मी तू सांगितलंस तसंच सांगितलं, आणि खाली सही केली. पंचनाम्याला आलेला पाटील सगळ्यांदेखत म्हणाला, "फौजी म्हने. एका डुकरावर दोन्ही बार." लोक हसले नाहीत, पण कोणी त्याला गप्पही केलं नाही. मीही नाही.

दिल्लीहून आल्यावर गावानं माझा सत्कार ठेवला. हरलो तरी परदेशी लोकांबरोबर खेळून आलो होतो ना. कसा हरलास म्हणून विचारायचे तेव्हा मी एवढंच म्हणायचो, की दुसरा बार टाकला नाही, सवय नाही. त्याची गोष्ट गावानंच केली. हार घालताना पाटील म्हणाला, पोरगा बापाच्या मरणातून शहाणा झाला, हरला पण बार राखला. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. पुढच्या रांगेत आई बसली होती. घरी आल्यावर तिनं हार खुंटीला लावला आणि म्हणाली, "तुह्या बापानं राखला असता त आज इथं बसला असता." तुझ्यावरचा हा राग ती पुढे सतरा वर्षं घेऊन जगली आणि तसाच घेऊन गेली. मी शेजारी बसून होतो. एक वाक्य पुरलं असतं.

भीतीपोटी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटा जबाब, बिनपरवाना हातात घेतलेली बंदूक, वर सरकारी नोकरी. आता पेन्शन चालू आहे, पाटील गेला, फौजदार गेला, भ्यावं असं कोणी उरलं नाही. मागल्या महिन्यात गावच्या शाळेत बोलावलं होतं. हे पत्र अर्धं लिहून झालं होतं आणि मी ते खिशात घालून गेलो, की आज वाचूनच टाकू. बाईंनी माझी ओळख करून दिली: वडील एका चुकीनं गेले, यांनी ती चूक जन्मात केली नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, खिशात हात घातला, मुलांना मन लावून अभ्यास करा म्हणून सांगितलं आणि खाली बसलो. भीती नव्हती वाटली, बा. बरं वाटलं होतं.