छापखान्यात कोंडलेले सहा दिवस

सोमवार, ता. ९

कोंडलं! कामावर आले तर दाराशी पहारेकरी, आणि सगळ्यांचे फोन पत्र्याच्या पेटीत. सरकारचं गुप्त काम छापायचं असलं की असंच – हुकूम बाहेर पडेपर्यंत माणूसही बाहेर पडत नाही. जेवण-झोप इथंच. फोरमन म्हणाला, "गुरुवारी सकाळी सुटाल. माहेरी आलात असं समजा." माझ्या टेबलावरची बडबडी लगेच, "माहेरी कुणी कागदांच्या घड्या घालायला लावत नाही हो!"

घरी नणंदेला निरोप तेवढा गेला – वहिनी कामावर अडकलीय. काय काम, ते सांगायचं नाही.

कागद कापताना पडलेल्या पट्ट्यांवर लिहितेय. बाहेर नेता येणार नाहीत. म्हणून तर लिहितेय.

मंगळवार, ता. १०

छापलेले कागद घडीला आले. माझं काम घड्या घालायचं, वाचायचं नाही. पण राहवत नाही. शाळा पाहिली नव्हती. हे इथून रद्दी आणायचे डब्यांत अंथरायला, तिच्यावरच अक्षरं शिकले. हे गेल्यावर यांच्याच जागी नोकरीला लागले. सहा वर्षं झाली. यांचं मशीन तिथंच आहे, दुसरा कुणी चालवतो. मी तिकडे बघत नाही.

आज वाचलं आणि घडी अर्धीच राहिली. जन्माला आली मुलगी म्हणून, पण आहेत मुलगे – किंवा उलट – अशा अठराच्या आतल्या मुलांची औषधं, इंजेक्शनं बंद. देणाऱ्या डॉक्टरला तुरुंग. पान पाच, कलम चार – हुकूम निघण्याआधी ज्यांचे उपचार सुरू झाले, त्यांचे चालू राहतील.

माझ्या धाकट्याचं पहिलं इंजेक्शन शुक्रवारी सकाळी दहाला. हुकूम गुरुवारी.

एका दिवसानं!

बारा वर्षांचा आहे. दीड वर्ष दवाखान्याचे उंबरठे झिजवले तेव्हा तारीख मिळाली. मुलींच्या संडासात जायला नको म्हणून शाळेत दिवसभर पाणी पीत नाही पोर. हे इंजेक्शन वाढत्या शरीराला फक्त 'थांब जरा' म्हणतं. तेवढंच तर मागतोय.

बडबडीला मथळा वाचता येतो. म्हणाली, "बरं झालं बाई. आज एक, उद्या दुसरं! माझा नातू मागच्या महिन्यात वाघ होता."

सगळे हसले. मीही हसले. न हसून सांगते कुणाला?

संध्याकाळी आणखी एक दिसलं. पान सहावर सातचा मजकूर, सातवर सहाचा. खालचे आकडे बरोबर, म्हणून कुणाला कळलं नाही. आता सांगितलं तर उद्यापर्यंत दुरुस्त होईल.

सांगायला हवं.

बुधवार, ता. ११

सांगितलं नाही. दिवसभर चुकीच्या घड्या घातल्या, नीटनेटक्या. अठ्ठावीस वर्षांत यांनी एक वाकडी ओळ पुढे जाऊ दिली नाही. आज यांचं तोंड आठवेना झालं.

गुरुवार, ता. १२

गठ्ठे बांधून झाले, दाराशी गाडी लागली, तेव्हा फोरमनपुढे जाऊन उभी राहिले. "साहेब, सहा-सातची अदलाबदल झालीय."

तो वाचत राहिला. दुसरा गठ्ठा सोडून बघितला. "बाई, आधी का नाही बोललात?"

"मला वाचायला कुठं ठेवलंय?"

गाडी रिकामी परत गेली. वरच्या कचेरीत फोनावर फोन. सगळा माल रद्दीत, पुन्हा छपाई – शनिवारपर्यंत कुणी सुटत नाही. बडबडी ढसाढसा रडली. लेकीला दिवस भरलेत तिच्या. तिच्याकडे बघवेना.

पण शुक्रवार मिळाला!

शुक्रवार, ता. १३

दहा वाजले. आत्या घेऊन गेली असेल त्याला. सही मी आधीच करून ठेवलीय. सुईला फार भितो. ती म्हणेल, "मुंगी चावली समज." तो म्हणेल, "आत्या, मी काय दोन वर्षांचा आहे?" आणि तिचा हात सोडणार नाही.

सव्वाअकरा. झालं असेल. नक्की झालं असेल.

हे गेल्यापासून पहिल्यांदा अन्नाला चव लागली.

शनिवार, ता. १४

नवे कागद आले. सहा-सात जागेवर आहेत. पाचवर कलम चार नाही. ज्यांचे सुरू आहेत, त्यांचेही आजपासून बंद – असं आहे तिथं.

फोरमन पाठ थोपटायला आला. "वरचे साहेब खूश आहेत तुमच्यावर, बाई. काम थांबलं म्हणून मजकूर पुन्हा बघायला सवड मिळाली."

बडबडी म्हणतेय, "हात चालव गं, घरी जायचंय."

घड्या घालतेय.