तोंडचे शब्द

प्रिय ठमे,

तुझे गुडघे कसे आहेत? जिना अजून कठड्याला धरून आडवी उतरतेस का? भाच्याचा खोकला थांबला का? सूनबाईंना नवा चष्मा मानवला का, आणि छकुलीच्या पडलेल्या दाताच्या जागी काही डोकावतंय की अजून खिंडारच आहे? पुढे आमच्या जावईबापूंची, म्हणजे तुझ्या मालकांची, तब्येत विचारायला पेन सवयीनं सरकलं आणि तिथंच थांबलं. त्यांना जाऊन महिना होत आला, पण माझ्या हाताला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमचं बरं चाललंय. तुझ्या वहिनीची कंबर धरते नि सोडते. माझा हात स्थिर आहे, वस्तरा अजून थरथरत नाही. पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि घरच्या ग्रुपमधून तर मी तुला भेटून गेलो त्याच संध्याकाळी निघून गेलीस. बाकीच्यांना वाटलं, चुकून बटण दाबलं गेलं असेल. मला तसं वाटलं नाही. तू पुन्हा माझ्याशी बोलशील की नाही, ही धास्ती पोटात घेऊन हल्ली मी दुकान उघडतो.

दुकानात आता गिऱ्हाईक असलं तरी शुकशुकाट असतो. पूर्वी माणसाच्या मानेला कापड गुंडाळेपर्यंत त्याच्या घरचं भांडण माझ्या कानावर आलेलं असायचं. आता कापडाखालून दोन हात बाहेर येतात आणि त्यात फोन. कल्ले ठेवू का? "ओके काका." पाणी गार लागतंय का? तरी "ओके काका." मला त्यांचा राग यायचा. मग भाच्यानं मलाही फोन घेऊन दिला, ग्रुपात घातलं, आणि मी त्या पोरांच्या वरताण निघालो. शाळेचं तोंड न पाहिलेला मी, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या वर्तमानपत्रांवर अक्षरं जुळवत वाचायला शिकलो. तुला ठाऊकच आहे, तूच पाटी पुढे करून बसायचीस, "दादा, आता हे वाच" म्हणत. अशा माणसाला सुंदर सुंदर वाक्यं आयती मिळू लागल्यावर काय होणार? सकाळी फुलं, दुपारी सुविचार. कुणाला बाळ होवो, कुणाची नोकरी जावो, माझ्याकडे वाक्य तयार. उचलला अंगठा, लावला काचेला.

पुढे पुढे ते बोलण्यातही शिरलं. वहिनीनं चहा ठेवला की मी नुसता अंगठा वर करायचो. एकदा ती म्हणाली, "अंगठाछाप राहायचं नाही म्हणून जन्मभर धडपडलात, आणि म्हातारपणी अंगठ्यावरच आलात. तोंडात काय गुळणी धरलीय?" मी तिला फोनवर हसरा चेहरा पाठवला. ती समोरच बसली होती, गं.

जावईबापूंशी मात्र मी तोंडानं बोलत असे. त्यांच्या आजारपणात दाढी करायला यायचो, तेव्हा तू जरा पाठ टेकायला आत जायचीस, म्हणून तुला आमच्या गप्पा ठाऊक नाहीत. गाल ओढून धरायला लागू नये म्हणून ते स्वतःच जिभेनं आतून गाल फुगवायचे. शेवटच्या खेपेला केसही कापले. डोक्यावरचा तो भोवरा, तू ज्यावरून आयुष्यभर त्यांच्या कानीकपाळी ओरडलीस, "जरा कंगवा फिरवा, कोंबड्यासारखा तुरा दिसतोय," तो मी पाणी लावून दाबायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, "राहू द्या. लग्नात तुम्ही तो चापूनचोपून बसवला होता. त्या संध्याकाळी तुमची बहीण म्हणाली, उभाच बरा होता. तेव्हापासून मी त्याला हात लावलेला नाही. ती विसरली, आता तिला आठवण करून देऊ नका, ओरडायचं सोडून देईल."

हे तुला सांगायचं म्हणून ते गेले त्या दिवशी मी तुमचा जिना चढलो. पायरीपायरीला वाक्य जुळवत होतो. तू दारात उभी होतीस. लहानपणी पाटी पुढे करून बघायचीस, तशीच माझ्याकडे बघत होतीस, आता दादा काय म्हणतो म्हणून. आणि माझ्या तोंडून निघालं, "भावपूर्ण श्रद्धांजली." पाठच्या बहिणीला. वर फोनमधल्या त्या चित्रातल्यासारखे हातही जोडले. तू एवढंच म्हणालीस, "दादा, मी काय ग्रुप आहे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खाली अंगणात जाऊन मी काय केलं, तर पणतीचं चित्र ग्रुपवर टाकलं, आणि लोकांनी त्याला अंगठे दिले. वहिनी म्हणते, फोन करत राहा, कधीतरी उचलेल. पण माझ्या जिभेचा आता मलाच भरवसा नाही. म्हणून हा कागद. भोवऱ्याचं तुला सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं. जावईबापूंनी नको म्हटलं होतं तरी सांगितलं. आता तू मला चार ओळी लिही, आणि लवकर लिही. शिव्या असल्या तरी चालतील, फक्त तुझ्या तोंडच्या असू देत.

तुझाच,
दादा